३८१६५४७२९०

आज दिवसभर डोक्यात ही एकच संख्या घोळतेय. शून्य ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच. पहिले दोन अंक घ्या: ३८ ला २ ने भाग जातो. ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने... असं थेट दहापर्यंत! शेवटी ० हवाच, म्हणून पाचव्या जागी ५ शिवाय पर्याय नाही. सम जागी सम अंक, हे ओघानं आलंच. नवाची तर काळजीच नको, कारण १ ते ९ ची बेरीज ४५. खरा खडूस ७! १४७२५८९६३० बघा, बाकी सगळ्या परीक्षा पास, पण १४७२५८९ ला ७ ने भागलं की बाकी ६. आणि आपल्या संख्येत? ३८१६५४७ = ७ × ५४५२२१. चोख! सगळ्या अटी पाळणारी ही एकमेव संख्या. (खात्री करायची तर कागद घ्या, कॅल्क्युलेटरनं मजा जाते.)