कडब्याच्या गंजीची सावली

दर वर्षी मार्चमध्ये चित्रकलेच्या पोरांना घेऊन मी औंधला जातो. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर उभारलेलं संग्रहालय आमच्या खटाव तालुक्यात आहे, हे मोठं भाग्यच. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं इथं पोरांना जवळून बघायला मिळतात.

यंदा सोबत फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या गंज्यांची मोठी छापील चित्रं घेतली होती. मोने १८४० चा, रविवर्मा १८४८ चा. एकाच काळातले, पण रविवर्म्याच्या लुगड्याची चुणी न् चुणी मोजून घ्यावी, आणि मोनेच्या जवळ जावं तर नुसते रंगाचे फटकारे. बाहेर पायऱ्यांवर चित्रं मांडली. फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावात घराजवळच्या रानातल्या गंज्या मोनेनं १८९०-९१ मध्ये पंचवीसेक वेळा रंगवल्या. ऊन बदललं की हातातला कॅनव्हास बाजूला, दुसरा पुढ्यात. पत्र्याच्या ट्यूबमध्ये रंग मिळायला लागले होते, म्हणून हे असं रानात बसणं जमलं.

"सर, ह्यानं सावली जांभळी का केलीय?" एकानं विचारलं.

मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आठवीतली एक मुलगी म्हणाली, "तशीच असती. खाली बघा की."

डोंगराच्या पायथ्याला ज्वारीचं रान मोकळं झालेलं, बांधाला कडब्याची गंजी. साडेचारचं ऊन. पिवळ्याधमक धसकटांवर पडलेली तिची सावली खरोखर निळसर जांभळी होती. सावलीत थेट ऊन पोचत नाही, पण आभाळाचा निळा उजेड पोचतो. शेजारच्या पिवळ्यानं तो आणखी जांभळा दिसतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. डोळ्यांनी मात्र मी आज पाहिलं.

मग तिनं चित्रकलेची वही काढली. गेल्या महिन्यातलं स्मरणचित्र, घराशेजारची गंजी. सावली जांभळी. खाली माझ्या लाल पेनानं लिहिलेलं: 'सावली चुकली. काळा व तपकिरी वापर.'

पोटात कालवलं. सगळ्यांसमोर ती ओळ मी खोडली आणि म्हणालो, "बाळ, चूक माझी होती."

ती काही बोलली नाही. रंगपेटी घेऊन उतरली आणि बांधावर जाऊन बसली. एकेक करून सगळीच पोरं गेली. साडेपाचला गंजीची सावली पार पलीकडच्या बांधाला टेकली, तेव्हा तिनं माझ्याकडं दुसरा कागद मागितला.