तात्पुरतं म्हणून केलेलं

वस्तू बिघडायला मुहूर्त लागत नाही आणि दुरुस्त करणारा नेमका तेव्हाच भेटत नाही. मग हात आपोआप त्या खणाकडे जातो. रबरबँड, सेफ्टी पिना, संपत आलेली चिकटपट्टी, कुठल्याशा यंत्रातून उरलेले स्क्रू (ते यंत्र त्यांच्यावाचून बिनबोभाट चालतंय, हे विशेष). चष्म्याचा स्क्रू पडला की टाचणी कामाला लागते, ती कायमचीच.

या खणाचं सामर्थ्य मला पटलं ते चंद्रावरच्या एका किश्शाने. डिसेंबर १९७२, अपोलो १७. यूजीन सर्नान यांची हातोडी अडकली आणि चांद्रगाडीच्या मागच्या चाकाचं मडगार्ड तुटलं. त्यात काय एवढं, असं वाटेल. पण तिथली धूळ बारीक, धारदार आणि काळपट. ती उपकरणांवर बसली की उन्हाची उष्णता शोषते आणि उपकरणं तापतात. आधी नुसती चिकटपट्टी लावून पाहिली. धुळीने माखलेल्या मडगार्डला ती कसली धरते! मग पृथ्वीवरच्या मंडळींनी हाताशी असेल त्यातूनच उपाय शोधला आणि आधी स्वतः करून पाहिला. चार नकाशे चिकटपट्टीने जोडायचे आणि यानातल्या दिव्यांच्या क्लॅम्पनी ते मडगार्डच्या जागी बसवायचे. गाडी पुढे चालली.

मला यातली चलाखी आवडते, पण त्याहून जास्त आवडतं ते हे, की त्या सगळ्यांना धूळ कुठे जाऊन बसणार आणि त्याने काय होणार हे नीट ठाऊक होतं. जुगाड करणाऱ्याला मूळ भाग तिथे कशासाठी होता हे कळलेलं असलं, की निम्मं काम झालेलं असतं.

हे न कळलेले हुशारही पुष्कळ. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात तांब्याची जाड तार घालणारे त्यातलेच. फ्यूजची तार वितळते ती आपलं कर्तव्य म्हणून. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की तिने आधी जायचं, म्हणजे भिंतीतल्या वायरी वाचतात. जाड तार काही वितळत नाही. दिवे लागतात, घरातले कौतुक करतात, ‘बघा, इलेक्ट्रिशियनला बोलवावंसुद्धा लागलं नाही,’ आणि तिकडे प्लास्टरच्या आत वायरींचं आवरण तापत राहतं.