चाकांची फळी

किशोरवयीन मुलांसाठी सोप्या वाचनाच्या मराठी कथा तयार करणे हे माझे काम आहे. आठवी-नववीत पोहोचूनही ज्यांचे वाचन तिसरीच्या पुस्तकापाशी अडले आहे, अशा मुलांसाठी या कथा असतात. विषय त्यांच्या वयाचा, पण वाक्ये आखूड, अक्षर मोठे, प्रकरण दोन-तीन पानांचे आणि जोडाक्षरे शक्य तितकी कमी. गेल्या पावसाळ्यात मी अशीच एक कथा संपादनाला घेतली होती. एकाच स्केटबोर्डवर शिकणाऱ्या दोन मुलांच्या मैत्रीची ती गोष्ट होती आणि तिच्यातली जोडाक्षरे काढता काढता मी ‘मित्र’ या शब्दाच्या जागी ‘सोबती’ घातला, तर ‘स्केटबोर्ड’ची ‘चाकांची फळी’ केली. एका शब्दात दोन जोडाक्षरे आणि तो शब्द जवळपास प्रत्येक पानावर, त्यामुळे हा बदल मला अगदी रास्त वाटला होता.

छपाईपूर्वी आम्ही हस्तलिखित मुलांकडून वाचून घेतो. त्या दिवशी वांद्र्यातील एका शाळेच्या ग्रंथालयात नववीचा एक मुलगा माझ्यासमोर बसला. तो खारदांड्याच्या कोळीवाड्यात राहत होता आणि संध्याकाळी कार्टर रोडच्या स्केटपार्कमध्ये जात असे, म्हणून मुद्दाम त्याला बोलावले होते. वर्गात तो मोठ्याने वाचायला उभा राहत नाही, हे त्याच्या बाईंनी मला आधीच सांगून ठेवले होते. तो अक्षराखाली बोट धरून, ओठ हलवत वाचू लागला. ‘निश्चय’पाशी तो तीनदा अडखळला. ‘चाकांची फळी’ मात्र सरळ वाचली आणि मग बोट उचलून त्याने विचारले, “बाई, हे काय आहे? स्केटबोर्ड का?”

मी हो म्हणाले. “मग स्केटबोर्डच लिहा ना. फळी कोण म्हणतं?”

मी कोऱ्या कागदावर ‘स्केटबोर्ड’ असे लिहून पुढे केले. त्याने तो शब्द एका दमात वाचला. जो शब्द रोज तोंडात असतो आणि ज्याच्यावर जीव असतो, त्याची जोडाक्षरे आड येत नाहीत, ही गोष्ट इतकी वर्षे हे काम करूनही मी त्या टेबलापाशी पहिल्यांदा नीट पाहिली. अडवणारा शब्द ‘निश्चय’ होता आणि तो मी जसाच्या तसा ठेवला होता.

चौथ्या पानावर तो पुन्हा थांबला. तिथे नायक बोर्ड हाताने धरून उडी मारतो आणि लेखकाने त्या उडीला ‘ऑली’ म्हटले होते. “ऑलीला हात लागतच नाही, बाई,” असे म्हणून त्याने माझी लाकडी पट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवली, एक टोक बोटाने झटकन दाबले आणि दुसरे टोक उचलले गेले, तसे दुसऱ्या हाताचे बोट पट्टीवरून पुढे घासत नेले. मागचा पाय बोर्डाच्या शेपटीवर, म्हणजे मागच्या टोकावर आपटायचा, पुढचा पाय पुढे सरकवायचा आणि त्याने बोर्ड वर ओढल्यासारखा पायाबरोबर येतो, असे त्याने समजावले. मग डावा बूट दाखवला. करंगळीच्या बाजूला कॅनव्हास झिजून भोक पडले होते, कारण बोर्डावरचा खरखरीत ग्रिप टेप तिथेच घासतो. पाय पुढे घासत नेण्याची ही रीत सपाट जमिनीवर रॉडनी मुलन याने १९८० च्या दशकाच्या आरंभी रुजवली. त्याआधी अ‍ॅलन गेल्फँड हा फ्लोरिडाचा मुलगा हात न लावता मारायची ही उडी उतरत्या भिंतींवर करीत असे आणि ‘ऑली’ हे त्याचेच टोपणनाव होते. हे सगळे मी पुस्तकाच्या शेवटी चौकटीत दिले होते, पण मूळ वाक्यातील चूक मला दिसली नव्हती.

त्याच चौकटीत, २०२१ मध्ये टोकियोला झालेल्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्णपदक मिळवणारी मोमिजी निशिया १३ वर्षांची होती, असा उल्लेख होता. ते वाक्य त्याने न सांगता दुसऱ्यांदा वाचले. आकड्यावर बोट ठेवून तो बराच वेळ गप्प होता.

कथेचा शेवट त्याला पटला नाही. त्यात एक मुलगा आपला बोर्ड दुसऱ्याला कायमचा देऊन टाकतो. “असं कोणी देत नाही,” तो म्हणाला. त्याच्या आणि त्याच्या मित्रात बोर्ड एकच होता. पडला की दुसऱ्याची पाळी, असा त्यांचा नियम होता आणि ज्या दिवशी मित्राचा पाय मुरगळला, त्या दिवशी तोही खेळला नव्हता, कठड्यावर त्याच्या शेजारी बसून राहिला होता. लेखकाशी बोलून मी कथेचा शेवट त्याने सांगितला तसा करून घेतला. त्यागापेक्षा हा कठड्यावर शेजारी बसून राहणारा मुलगा मला कितीतरी अधिक खरा वाटला.

निघताना त्याने चौथे पान मागून घेतले. त्यावर त्याने स्वतः पेन्सिलीने ‘हात’ हा शब्द खोडून ‘पाय’ लिहिला होता. मी नवी प्रत देऊ केली, पण ती त्याला नको होती, कारण चूक कुठे होती हे त्याला मित्राला वाचून दाखवायचे होते.