बर्फाचं वय वेगळं, हवेचं वेगळं

हवामानबदल आणि पर्यावरणीय भूविज्ञानाचं व्यावसायिक प्रशिक्षण नुकतंच संपलं. कसं होतं, असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितेय. माझं नेहमीचं काम बोअरहोलच्या नोंदींचं. कोअर बॉक्स, म्हणजे जमिनीत ड्रिल करून काढलेल्या खडकाच्या लांब नळकांड्यांची पेटी उघडायची, खडक ओळखायचा, खोली लिहायची. म्हणून मला या प्रशिक्षणातला सगळ्यात जास्त आवडला तो हिमगाभ्याचा, म्हणजे बर्फात ड्रिल करून काढलेल्या कोअरचा भाग. तिथेही पद्धत तीच, फक्त खडकाच्या जागी बर्फ.

अंटार्क्टिकातल्या डोम सी इथला गाभा तीन किलोमीटरहून जास्त लांब आहे आणि त्यातली नोंद आठ लाख वर्षं मागे जाते. आतल्या बुडबुड्यांत त्या त्या काळातली हवा अडकलेली असते. पण बर्फाचा एखादा थर जेवढा जुना, तेवढी त्याच्या बुडबुड्यातली हवा जुनी नसते. पडलेला बर्फ वरच्या भाराने दबत जातो आणि साधारण ५० ते १०० मीटर खोलीवर त्याची छिद्रं बंद होतात. तोपर्यंत वरची हवा आत-बाहेर करतच असते. त्यामुळे हवा बर्फापेक्षा तरुण निघते, आणि जिथे हिमवर्षाव अगदी कमी, तिथे हा फरक काही हजार वर्षांचा असू शकतो.

आता गंमत बघा. तापमान काढायचं बर्फाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू) आणि कार्बन डायऑक्साइड मोजायचा हवेत. दोन्ही एकाच खोलीचे म्हणून एकाच तारखेला मांडले, की ‘आधी तापमान वाढलं की आधी वायू?’ या प्रश्नाचं उत्तरच बिघडतं. २०१३ मध्ये संशोधकांनी यावर छान युक्ती वापरली. सैल बर्फाच्या त्या थरात जड नायट्रोजन गुरुत्वाकर्षणाने तळाशी जरा जास्त जमतो. त्यावरून थराची जाडी काढता येते, आणि जाडीवरून वयातला फरक. असं केल्यावर शेवटचं हिमयुग संपतानाची तापमानवाढ आणि वायूची वाढ जवळजवळ बरोबरीने झालेली दिसली. मॉडेलवरची कितीतरी व्याख्यानं मी विसरेन, हे नाही विसरणार.

‘हवामान तर पृथ्वीवर नेहमीच बदलत आलंय’ हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांचं लाडकं वाक्य. खरंच आहे ते. पण वेगाचं काय? हिमयुग संपताना कार्बन डायऑक्साइड सुमारे ८० पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत ८० भागांनी) वाढायला हजारो वर्षं लागली. १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवर शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा तो सुमारे ३१५ पीपीएम होता, आज ४२० च्या वर आहे. एका माणसाच्या आयुष्यात मावणारा काळ! डोम सीच्या अख्ख्या नोंदीत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ३०० पर्यंत पोहोचतो.

फोरामिनिफेराचं, म्हणजे समुद्रातल्या कवच असलेल्या सूक्ष्म एकपेशीय जीवांचं प्रात्यक्षिक मात्र मानेची परीक्षा घेणारं. समुद्रतळाचा गाळ चाळायचा, मायक्रोस्कोपखाली काळ्या ताटलीत पसरायचा आणि ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने वाळूच्या कणाएवढे शंख एकेक उचलायचे. मग कळतं, मास स्पेक्ट्रोमीटरच्या, म्हणजे समस्थानिक मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखातल्या एका बिंदूमागे किती मेहनत असते. वर तो बिंदूही सरळ बोलत नाही: ऑक्सिजनच्या समस्थानिकांत पाण्याचं तापमान आणि जमिनीवर साठलेला बर्फ, दोन्ही मिसळलेले. ते सोडवायला त्याच शंखांतलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचं प्रमाण बघतात.

सॉफ्टवेअरचे तास मला लांबले. बटणं कुठे आहेत हे घरीही शिकता येतं.

प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने मोलाचं सत्र पुराचं होतं. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे शतकातून एकदाच येणारा, असं समजणारे अनुभवी इंजिनिअरही भेटतात. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षं टिकणाऱ्या बांधकामाला तो निदान एकदा गाठण्याची शक्यता जवळपास २६ टक्के निघते, आणि हा हिशोबही पावसाची जुनी आकडेवारी पुढे तशीच लागू राहील असं धरून केलेला. ती राहणार नसेल तर कोणता आकडा धरायचा, यावर आमच्या तुकडीत जोरदार वाद झाला. एकमत झालं नाही. प्रशिक्षकांनी शेवटी एवढंच करायला लावलं, की अहवालात आकड्याशेजारी आपण काय गृहीत धरलंय ते लिहायचं आणि त्याखाली सही करायची.

नाव नोंदवायच्या आधी एक विचारून घ्या: प्रयोगशाळेत किती तास आणि स्क्रीनसमोर किती?