हिरवं झालेलं कोकम

सोलापूरच्या पूर्व भागात अशोक चौकाजवळ माझी लॉन्ड्री आहे. साखरपुडा म्हटलं की दुसऱ्या दिवशी गाठोडं येतं. त्या दिवशी मात्र जेवणावळ चालू असतानाच फोन आला, "दादा, तसेच या!" घर दोन गल्ल्या पलीकडे, म्हणून गेलो.

पांढऱ्या जकार्ड विणीचा (म्हणजे विणतानाच नक्षी उमटवलेला), लाल काठाचा सुती टेबलक्लॉथ. त्या घरच्या काकूंच्या सासऱ्यांच्या मागावर विणलेला. (सोलापुरात चादर आणि टॉवेलचं कौतुक एवढं, की टेबलक्लॉथ कुणाच्या खिजगणतीत नसतो.) त्यावर एका टोकाला दुधाचा चहा सांडलेला, मधोमध कोकम सरबत. काकूंनी घाईघाईनं कोकमावर धुण्याचा साबण चोळला होता आणि लाल डाग निळसर-हिरवा झाला होता. आजी म्हणत होत्या, "काय करालीस गं? कापड जळालं!"

जळालं नव्हतं. कोकमाचा रंग आंबटात लाल राहतो, साबणाच्या खारात निळा-हिरवा पडतो. मी साबण गार पाण्यानं धुऊन काढला आणि पांढरं व्हिनेगर मागितलं. चायनीज करतात म्हणून घरात होतंच. निम्मं पाणी घालून थेंब टाकले, तर डाग पुन्हा गुलाबी! मुलं तर "परत करा, परत करा" म्हणून मागंच लागली.

खरी पंचाईत वेगळी होती. पांढऱ्या सुती कापडावरचा फळाचा डाग काढायला कापड पातेल्यावर ताणून वरून उकळतं पाणी ओतायची जुनी रीत आहे. पण चहात दूध. गरम पाण्यानं दुधाचं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं. शिवाय लाल काठ जुना. ओला पांढरा रुमाल काठावर दाबून पाहिला, तर त्यावर फिकट गुलाबी रंग उमटला, म्हणजे काठाचा रंग सुटत होता. मग कढत पाण्याचा विचारच सोडला.

चहाचा भाग उलटा धरून नळाखाली गार पाणी सोडलं, म्हणजे डाग आला त्याच वाटेनं बाहेर पडतो. मग द्रव डिटर्जंट, बोटानं हलकं दाबून, चोळणं नाही. काकूंना एवढंच बजावलं की उरलेल्यावर इस्त्री फिरवायची नाही, उष्णतेनं डाग कायमचा होतो.

दुकानात नेल्यावर मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड तेवढ्याच पाण्यात मिसळून डागांवर लावलं, धुतलं आणि काठ आत दुमडून गच्चीवर टाकलं. कोकम पूर्ण गेलं. चहाचंही बहुतेक गेलं. काठाला लागून बदामी कड राहिली. तिथं पेरॉक्साइड लावलं असतं तर लाल रंगही फिका झाला असता. काकूंना ती कड दाखवूनच कापड दिलं. त्यांनी काठ हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "राहू द्या. तिथं ताट ठेवीन."