काकूंचा शेक आणि हॅम्बुर्गचा बोगदा

हॅम्बुर्गमध्ये जमिनीखाली ३.४ किलोमीटर लांबीची युरोपियन एक्सएफईएल ही इलेक्ट्रॉनच्या झोतापासून एक्स-रे तयार करणारी यंत्रणा आहे. वर घरं, झाडं, सायकलवाले. खाली निओबियम धातूच्या पोकळ्यांतून इलेक्ट्रॉन पळतात, आणि त्या पोकळ्या उणे २७१ अंशांवर थंड ठेवलेल्या. (सोलापूरचा मे महिना काढलेल्यांनी आकडा पुन्हा वाचावा.) वेग दिल्यावर इलेक्ट्रॉनची ऊर्जा १७.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जाते. माझं काम तो झोत मोजायचं.

परवा विजापूर रोडच्या आमच्या शेजारच्या काकू व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, "म्हणजे मला कॅन्सरसाठी किरणांचा शेक दिला तेच मशीन का रे?"

"जात तीच, काकू. दोन्ही लिनॅक, म्हणजे कणांना सरळ रेषेत वेग देणारी यंत्रं." दवाखान्यातलं मशीन बऱ्याचदा ६ दशलक्ष व्होल्टचं असतं, इथली ऊर्जा त्याच्या जवळपास तीन हजार पट.

झोत नळीच्या मधोमध आहे का, हे नळीच्या भिंतीतले चार इलेक्ट्रोड सांगतात, तेही झोताला न शिवता. विद्युतभार टोरॉइड, म्हणजे नळीभोवतीचं कड्यासारखं वेटोळं, मोजतं. खरी डोकेदुखी एमिटन्सची: झोताची रुंदी आणि कणांचा तिरपेपणा यांचा एकत्र हिशोब. गड्ड्याच्या जत्रेत बॅरिकेड लावून गर्दी अरुंद करता येते, पण मग कोपरं जास्त बसतात. झोताचं तसंच. चुंबकाने आवळला की कण अधिक तिरपे पळतात. रुंदी एका फोटोत दिसते, तिरपेपणा दिसत नाही. म्हणून झोत आवळणाऱ्या क्वाड्रुपोल (चार ध्रुवांच्या) चुंबकाचा करंट थोडाथोडा बदलायचा आणि दर वेळी पुढच्या पडद्यावरच्या ठिपक्याचा फोटो घ्यायचा. ठिपका बारीक होतो, मग परत फुगतो. रुंदीचा वर्ग आलेखावर मांडला की पॅराबोला येतो, त्यातून एमिटन्स निघते. गणित बारावीचंच आहे, मला तरी ते इथे आल्यावर आवडायला लागलं.

पण पडद्यातून गेलेला झोत विस्कटतो, एक्स-रे तयार करायच्या कामाचा उरत नाही. मग झोतातून बारीक तार सर्रकन फिरवतात; ती थोडेच कण अडवते.

काकूंना यातलं एकच हवं होतं. "माझ्या वेळी कुणी मोजलं होतं का?"

होय. रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी किरणांची मात्रा तपासतात. शिवाय मशीनच्या डोक्यातले आयनीकरण कक्ष (किरण मोजणारी उपकरणं) शेक चालू असताना मात्रा मोजत राहतात आणि ठरलेला आकडा गाठला की झोत बंद करतात. ही जबाबदारी मेडिकल फिजिसिस्टची. काकूंचा नातू फिजिक्स घेऊन बीएस्सी करतोय. त्याला सांगितलं, एमएस्सी झालं की मुंबईला बीएआरसीचा (भाभा अणुसंशोधन केंद्राचा) रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा बघ.