काटेही आणि आकडेही

काटे आणि आकडे एकाच तबकडीवर असलेलं घड्याळ म्हणजे ना धड हे, ना धड ते, असं माझं ठाम मत होतं. काट्यांचंच हवं तर एचएमटी घ्यावं आणि रोज किल्ली द्यावी. आकड्यांचं हवं तर कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू आहेच, १९८९ पासून जवळपास जसंच्या तसं. उगाच दोन्ही कशाला?

भाच्याने वाढदिवसाला कॅसिओचंच एडब्ल्यू-८० दिलं. काळा पट्टा, किंमत तीन हजारांच्या आत. त्याचं मन राखायला म्हणून घातलं.

मुंबईत लोकलने जाणाऱ्याला वेळ मिनिटात लागते. आठ सतराची फास्ट म्हणजे आठ सतरा. सव्वाआठच्या सुमाराला रमतगमत जिना चढणाऱ्याला तिचा शेवटचा डबा दिसतो. तिथे आकडेच हवेत. पण ऑफिसात मीटिंग रेंगाळली की किती वाजले यापेक्षा किती उरलंय, हा प्रश्न मोठा. ते काटा सांगतो, वजाबाकी न करता. साहेब बोलत असताना मनगटाकडे नुसती तिरकी नजर गेली तरी पुरतं.

आत मात्र दोघांचे संसार वेगळे. आकडे लावले म्हणून काटे हलत नाहीत. ते बटण दाबून निराळे लावायचे, एका दाबाला वीस सेकंद. पहिल्यांदा लावताना मी वैतागलो होतो. भाच्याने मात्र याचाच फायदा उठवलाय. तो डब्लिनला असतो; त्याच्या घड्याळात आकडे तिथले आणि काटे इथले. आईला फोन करायच्या आधी तो काटे बघतो.

खोड्याही आहेत. साडेपाच-साडेसहाला काटे नेमके खालच्या आकड्यांवर येऊन बसतात आणि मनगट तिरकं करून डोकवावं लागतं. जगाच्या वेळांत आपली वेळ दिल्लीच्या नावावर. मुंबईकराने ते गिळायचं. तीस फोन नंबर साठवायची सोय आहे, त्यात मी घरचा तेवढा भरलाय. मोबाईल बंद पडला तर एकही नंबर पाठ नाही, म्हणून.

सेल दहा वर्षं चालेल असं कंपनी म्हणते. हे मी बायकोला कौतुकाने सांगितलं, तर ती म्हणाली, "तोवर पट्टा टिकला म्हणजे मिळवलं."